हिवाळ्यात उघड्यावर बिअर बनवताना : पूर्वतयारी, कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

पारा शून्याखाली गेलेल्या दिवशी उघड्यावर बिअर बनवायला घेतलेल्यांच्या तक्रारी बहुधा ठरलेल्या असतात. मॅश (गरम पाण्यात भिजत घातलेला माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य) अपेक्षेपेक्षा चार अंशांनी गार पडतो, उकळीच्या मध्यावर शेगडीची ज्योत बसते, वर्ट (माल्टमधून निघालेला गोड रस) गार करायची वेळ येते तेव्हा नळीतून पाणीच येत नाही, आणि यीस्ट टाकून तीन दिवस झाले तरी पिंपात काही हालचाल दिसत नाही. कृती बरोबर असते, साहित्यही चांगले असते. चूक इतकीच होते की उन्हाळ्यात सहज खपून जाणारा कामाचा क्रम थंडीतही तसाच पाळला जातो. उन्हाळ्यात एखादी वस्तू लागेल तेव्हा शोधून आणली तरी बिघडत नाही. थंडीत मात्र बाहेर वाट पाहत पडलेली प्रत्येक वस्तू गार होत राहते आणि कुठेही साचून राहिलेले पाणी गोठते. पुढचे सगळे टप्पे या दोन गोष्टी धरून रचले आहेत.

वाचकाने माल्टपासून बिअर निदान दोन-तीन वेळा तरी बनवली आहे, असे येथे गृहीत धरले आहे. आकडे २० लिटर तयार बिअरचे आहेत : ५ किलो माल्ट, मॅशसाठी १५ लिटर पाणी आणि मॅशनंतर माल्ट धुऊन उरलेली साखर काढण्यासाठी सुमारे १६ लिटर पाणी. घरी बिअर बनवण्याविषयी आपल्या भागातील कायदा काय म्हणतो, हे प्रत्येकाने आधी पाहून घ्यावे.

१. दिवस आणि जागा

दिवस निवडताना बहुतेकजण तापमान पाहतात. माझ्या मते त्याआधी वारा पाहावा. उणे १० अंश सेल्सिअसच्या शांत दिवशी काम नीट होते, पण शून्य अंशाला जोराचा वारा असेल तर शेगडीची उष्णता पातेल्याला लागण्याआधीच उडून जाते आणि २५ लिटर वर्टला उकळी आणण्यात अर्धा सिलिंडर खर्ची पडतो. वारा असेल तर दिवस पुढे ढकलावा. नेहमीच्या वेळेत किमान एक तास अधिक धरून सुरुवात अशी करावी की उकळी संपून वर्ट गार होईपर्यंत उजेड असेल, कारण गोठलेल्या जमिनीवर अंधारात जड भांडे उचलण्यासारखा धोका या कामात दुसरा नाही.

जागा भिंतीच्या आडोशाला असावी, मात्र तीन बाजूंनी आणि वरून मोकळी असावी.

सावधान : थंडी वाजते म्हणून शेगडी गॅरेजमध्ये, पडवीत किंवा ताडपत्रीच्या तंबूत नेऊ नये, आणि दार अर्धवट उघडे ठेवल्याने काम भागते असेही समजू नये. मोठी गॅस शेगडी बंदिस्त जागेतील प्राणवायू झपाट्याने संपवते आणि कार्बन मोनॉक्साइड निर्माण करते. या वायूला रंग नसतो, वासही नसतो. डोके जड होणे, मळमळणे ही त्याची पहिली लक्षणे थकव्यासारखी भासतात, आणि त्यांचा अर्थ लक्षात येईपर्यंत माणसाला उठून बाहेर पडण्याचे भान उरत नाही.

शेगडी बर्फावर किंवा गोठलेल्या मातीवर थेट ठेवू नये. तिची आच खालीही लागते, बर्फ एका बाजूने वितळतो आणि उकळते पातेले हळूहळू कलते. बर्फ खरवडून जमीन उघडी करावी आणि त्यावर काँक्रीटच्या फरशा सपाट बसवून शेगडी ठेवावी. लाकडी फळी वापरू नये. शेगडीभोवती आणि घराच्या दारापर्यंतच्या वाटेवर जाड वाळू पसरावी. मिठाने बर्फ वितळतो हे खरे, पण खारट पाणी उडून स्टीलच्या भांड्यांना आणि जोडांना डाग पडतात, म्हणून वाळूच बरी.

२. गॅस

ज्योत बसण्याचे कारण कळले की उपाय आपोआप सुचतो. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो आणि शेगडीकडे जाण्यासाठी त्याची आधी वाफ व्हावी लागते. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाच्या सुमारास उकळतो, म्हणजे शून्याखालच्या हवेत त्याची वाफ जवळजवळ होतच नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, त्यामुळे तो कडाक्याच्या थंडीतही चालतो. ज्या सिलिंडरमध्ये दोन्हींचे मिश्रण असते त्यातील प्रोपेन आधी निघून जातो आणि मागे ब्युटेन उरतो, म्हणून असा सिलिंडर अर्धा भरलेला असूनही ज्योत मंदावते. उघड्यावरच्या हिवाळी कामासाठी निव्वळ प्रोपेनच घ्यावा.

प्रोपेन असला तरी दुसरी अडचण राहते. वीस अंशांना त्याचा दाब वातावरणाच्या आठपटींहून थोडा अधिक असतो, तर उणे २० अंशांना तो जेमतेम अडीचपटीपर्यंत उतरतो. त्यातच द्रवाची वाफ होताना सिलिंडरमधील उष्णता खर्च होते आणि सिलिंडर भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडतो. बाहेरून पांढरे दहिवर धरलेले दिसते ते यामुळेच. आतला द्रव जितका कमी तितका हा गारवा लवकर येतो. म्हणून थंडीत भरलेला आणि शक्यतो मोठा सिलिंडर जोडावा, दुसरा हाताशी असावा, आणि पहिल्याची ज्योत बसू लागली की तो बदलून सावरायला बाजूला ठेवावा. अर्धवट सिलिंडर संपवण्याचे काम उन्हाळ्यासाठी राखावे.

सावधान : दहिवर घालवण्यासाठी सिलिंडर शेगडीजवळ सरकवू नये, त्यावर उकळते पाणी ओतू नये, ज्योत तर मुळीच दाखवू नये. कोमट पाण्याच्या टबात सिलिंडरचा तळ बुडवून ठेवणे एवढाच सुरक्षित उपाय आहे, आणि ते पाणी हाताला सहज सोसेल इतकेच कोमट असावे.

वाऱ्यापासून बचाव करण्यासाठी शेगडीभोवती पत्र्याचा आडोसा लावता येतो. तो वाऱ्याच्या बाजूने अर्धवर्तुळाकार असावा आणि शेगडीला खालून हवा मिळत राहावी. सिलिंडर, रेग्युलेटर आणि रबरी नळी आडोशाच्या बाहेरच राहिली पाहिजेत.

तपासणी : काम सुरू करण्याआधी प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. थंडीत रबर कडक होते आणि उन्हाळ्यात घट्ट बसणारा जोड झिरपू लागतो.

३. पाण्याची वाट

माझ्या पहिल्या हिवाळ्यात तांब्याची कॉइल (वर्टमध्ये बुडवून आतून गार पाणी सोडायची वेढ्यांची नळी) फुटली ती याच टप्प्याकडे दुर्लक्ष केल्यामुळे. आदल्या खेपेनंतर कॉइल वरवर निथळून बाहेरच ठेवली होती. तळाच्या वेढ्यात ओंजळभर पाणी राहिले, रात्रीत ते गोठले, आणि गोठताना पाणी साधारण नऊ टक्के फुगते, त्यामुळे नळीला केसाएवढी चीर पडली. ती मला दिसली नाही. पुढच्या वेळी गार करताना नळाचे पाणी त्या चिरेतून वर्टमध्ये उतरत राहिले, आणि ते समजले तेव्हा वीस लिटर ओतून देण्याखेरीज मार्ग उरला नव्हता. तेव्हापासून कामाच्या आदल्या रात्री कॉइलमध्ये फुंकर मारून, एक टोक बंद करून ती पाण्याच्या बादलीत बुडवून पाहण्याचा परिपाठ मी सोडलेला नाही. बुडबुडे आले तर कॉइल फुटलेली आहे.

नळ, नळी, कॉइल, पंप आणि भांड्यांच्या तोट्या या पाचही ठिकाणी पाणी साचते. शक्य असेल तर पाणी घरातील नळावरून घ्यावे. बाहेरचा नळ हिवाळ्यासाठी आतून बंद केलेला असेल तर एका दिवसाच्या कामासाठी तो उघडू नये, कारण काम संपल्यावर तो पुन्हा पूर्ण रिकामा करण्याचा कंटाळा येतो आणि भिंतीतील नळी फुटते. रबरी नळी घरातच ठेवावी आणि वर्ट गार करायच्या अगदी आधी बाहेर काढावी. वर्टसाठी सिलिकॉनच्या नळ्या वापराव्यात. साधी पारदर्शक प्लास्टिकची नळी थंडीत ताठ होते आणि गरम वर्ट वाहत असताना जोडावरून निसटते. पंप असल्यास तोही घरात ठेवावा. त्याच्या डोक्यात बर्फाचा लहानसा खडा जरी अडकला तरी आतले चक्र फिरत नाही आणि मोटर नुसती गुरगुरत राहते.

आत फिरणारा गोळा असलेली तोटी (बॉल व्हॉल्व्ह) बंद असताना तिच्या पोटात थोडे पाणी अडकून राहते. भांडी साठवताना तोटी अर्धी उघडी ठेवली तर ते निथळून जाते.

४. आदल्या रात्री घरात करायची कामे

माल्ट दळून घरातच ठेवावा. हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुले) उकळीत टाकायच्या वेळेनुसार वेगवेगळ्या वाट्यांत मोजून प्रत्येक वाटीवर मिनिटे लिहावीत, कारण हातमोजे घालून बाहेर वजनकाटा वापरता येत नाही आणि गारठलेल्या बॅटरीवर चालणारा काटा विश्वासार्ह राहत नाही. यीस्टची पाकिटे शीतकपाटात असतील तर सकाळी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावीत. निर्जंतुक करायचे द्रावण घरातच बनवावे आणि तिथेच राहू द्यावे. बाहेर ठेवलेल्या बादलीवर साय धरावी तसा बर्फ धरतो, आणि अर्धवट गोठलेल्या द्रावणातील औषधाचे प्रमाण सगळीकडे सारखे राहत नाही.

कपड्यांकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. लोंबणारी शाल, मफलर आणि कृत्रिम धाग्याचे फुगीर जाकीट ज्योतीजवळ धोक्याचे असते. लोकरीचे किंवा जाड सुती कपडे, पकड असलेले बूट आणि दोन जोड हातमोजे असावेत : एक कोरड्या कामाचा, एक गरम पाण्याच्या कामाचा जलरोधक. लोकरीच्या मोज्यावर उकळते वर्ट सांडले तर ते लोकरीत मुरते आणि मोजा काढेपर्यंत हात भाजत राहतो.

५. मॅश

सर्वांत जास्त चुका येथे होतात, म्हणून हा टप्पा सविस्तर सांगतो.

पहिला प्रश्न जागेचा. माझे स्पष्ट मत असे आहे की मॅश घरातच, दाराजवळ करावा आणि बाहेर फक्त उकळी काढावी. मॅशला ज्योत लागत नाही, त्याला तासभर स्थिर तापमान लागते, आणि ते बाहेर मिळत नाही. घरात जागाच नसेल तर मॅशचे भांडे उष्णतारोधक असावे, ते जमिनीवर न ठेवता जाड थर्माकोलवर किंवा लाकडी पाटावर ठेवावे आणि जुन्या रजईने झाकणासकट गुंडाळावे. उघड्या स्टीलच्या पातेल्यात थंड हवेत तासाभरात पाच-सहा अंश सहज उतरतात.

दुसरा प्रश्न पाण्याच्या तापमानाचा. माल्ट टाकल्यावर मॅश ६६ अंशांवर यावा यासाठी पाणी किती गरम असावे, याचा हिशेब सोपा आहे. एक किलो माल्टमागे जितके लिटर पाणी घेतले, त्या आकड्याने ०.४१ ला भागावे. हवे असलेले तापमान आणि माल्टचे तापमान यांतील फरकाने त्या उत्तराला गुणावे, आणि आलेल्या संख्येत हवे असलेले तापमान मिळवावे. आपल्या उदाहरणात किलोमागे ३ लिटर पाणी आहे. माल्ट घरातला, २० अंशांचा असेल तर पाणी सुमारे ७२.३ अंश लागते. तोच माल्ट रात्रभर बाहेर राहून उणे ५ अंशांवर गेला असेल तर पाणी सुमारे ७५.७ अंश हवे. हा साडेतीन अंशांचा फरक ध्यानात न घेतल्यामुळेच कित्येकांचा मॅश सुरुवातीलाच ६३ अंशांवर बसतो.

या हिशेबात भांडे स्वतः किती उष्णता खाते ते धरलेले नाही, आणि थंडीत ते बरीच खाते. यावर अंदाजाने पाणी जास्त तापवण्यापेक्षा भांडेच आधी तापवावे. चार-पाच लिटर उकळते पाणी भांड्यात ओतून झाकण लावावे, दहा-पंधरा मिनिटांनी ते पाणी काढून घ्यावे आणि लगेच मॅशचे मोजलेले पाणी भरावे. मग तापमान पाहावे, ते हिशेबाच्या आकड्यावर स्थिरावू द्यावे आणि नंतरच माल्ट टाकावा.

तपासणी : माल्ट टाकून नीट ढवळल्यावर तापमान तीन ठिकाणी मोजावे, मध्यभागी, कडेला आणि तळाशी. तिन्ही आकडे एका अंशाच्या आत येईपर्यंत ढवळावे. तापमापक गारठलेला असेल तर आकडा स्थिर व्हायला वेळ घेतो, म्हणून त्याला पूर्ण मिनिटभर द्यावे. घाईने वाचलेला कमी आकडा खरा मानून गरम पाणी ओतले की मॅश ७२ अंशांवर जातो, आणि तेथून परत आणणे थंड मॅश गरम करण्यापेक्षा अधिक नुकसानीचे असते, कारण पिष्टाची साखर करणारे बीटा-अमायलेज हे एन्झाइम त्या तापमानाला काही मिनिटांत निकामी होते.

मॅश गार पडलाच तर हाताशी तीन लिटर उकळते पाणी असावे. आपल्या प्रमाणात एक लिटर उकळते पाणी मॅश सुमारे दोन अंशांनी वर नेते. ते एकदम न ओतता अर्धा-अर्धा लिटर घालून ढवळावे, आणि जितके घातले तितके माल्ट धुण्याच्या पाण्यातून वजा करावे. शेगडी पेटवून मॅश थेट गरम करण्याचा मोह आवरावा. तळचा माल्ट करपतो आणि वरचा गारच राहतो.

मॅश शेवटपर्यंत ६२ ते ६३ अंशांवरच राहिला तरी सगळे बिघडले असे मानू नये. वेळ ६० मिनिटांवरून ९० वर न्यावी. बिअर थोडी कोरडी, म्हणजे कमी गोड, आणि अंगाने हलकी होईल, पण चांगली होईल.

सावधान : रजई काढून दूर ठेवल्याखेरीज जवळपास शेगडी पेटवू नये.

६. माल्ट धुणे

धुण्याचे पाणी माल्टच्या थरावर पोहोचताना ७५ ते ७७ अंश असावे. थंडीत ते नळीतून येता येता उतरते, म्हणून टाकीतले तापमान मोजून भागत नाही, थरावरचेच मोजावे. गार वर्ट दाट होते आणि हळू वाहते. धार बारीक झाली की लोक थर जोराने ढवळतात आणि तो पुरता बसतो. धार बारीक होण्याचे कारण बहुधा गारवाच असतो, तेव्हा आधी अधिक गरम पाणी द्यावे आणि ढवळण्याचा विचार त्यानंतर करावा. मात्र थराचे तापमान ७७ च्या वर नेऊ नये, नाहीतर सालातील तुरटपणा उतरतो.

उकळीच्या पातेल्यात सहा-सात लिटर वर्ट जमले की शेगडी मंद पेटवता येते. उरलेले वर्ट येईपर्यंत आधीचे तापत राहते आणि थंडीत अर्धा तास सहज वाचतो.

७. उकळी

थंड हवेत वाफेचे लोट इतके दाट दिसतात की वर्ट नुसते कढत असले तरी खळखळून उकळते आहे असे वाटते. वाफेवर विश्वास न ठेवता वाकून पृष्ठभाग पाहावा. तो तळापासून वर उलथत असला तरच वेळ मोजायला सुरुवात करावी.

उकळी धरत नाही म्हणून झाकण लावून टाकणे ही हिवाळ्यातील सर्वांत सामान्य चूक आहे. फिक्या माल्टमधील एका घटकापासून उकळीत डायमिथिल सल्फाइड तयार होते. उघड्या भांड्यातून ते वाफेबरोबर निघून जाते, आणि झाकण असेल तर थेंबांवाटे परत वर्टमध्ये पडते. त्यातून बिअरला उकडलेल्या मक्यासारखा किंवा कोबीसारखा वास येतो. उकळी येईपर्यंत झाकण चालेल. उकळी आल्यावर फार तर एक तृतीयांश तोंड झाकावे, तेही ज्योत खरोखर अपुरी पडत असेल तरच. साध्या फिक्या माल्टला ६० मिनिटे आणि पिल्सनर माल्टला ९० मिनिटे द्यावीत.

बाष्पीभवन दर दिवशी वेगळे होते. कोरड्या हवेने ते वाढते, वाऱ्याने ज्योत हलली तर घटते. लाकडी पळीवर लिटरच्या खुणा करून दर वीस मिनिटांनी पातळी पाहावी. आपल्या उदाहरणात सुरुवातीला २५ लिटर असतील तर शेवटी साडेएकवीसच्या आसपास उरावेत, कारण गार होताना वर्ट सुमारे चार टक्के आकसते आणि थोडा गाळ मागे राहतो.

वर्टची घनता (तीवरून साखर किती ते कळते) मोजण्यासाठी नमुना झाकलेल्या भांड्यात घरात न्यावा. हायड्रोमीटर (नमुन्यात तरंगत ठेवून घनता दाखवणारे उपकरण) बहुधा २० अंशांसाठी आखलेला असतो. गारठलेल्या काचेच्या नळीत गरम वर्ट ओतले तर नळी तडकते, आणि नमुना फार गार झाला तर घनता आहे त्यापेक्षा जास्त दिसते. रिफ्रॅक्टोमीटरची (प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजणाऱ्या उपकरणाची) आपोआप होणारी तापमान-दुरुस्तीही बहुतेक वेळा १० ते ३० अंशांपुरतीच असते, म्हणून तोसुद्धा घरातच वापरावा.

सावधान : उकळी संपायच्या पंधरा मिनिटे आधी कॉइल वर्टमध्ये सोडतात. त्या वेळी ती पूर्ण रिकामी आणि दोन्ही टोकांनी मोकळी असली पाहिजे. आत पाणी असेल तर त्याची वाफ होऊन टोकातून उकळते पाणी उडते, आणि टोकाला जोडलेली नळी बर्फाने बंद असेल तर वाफेला वाटच राहत नाही.

८. वर्ट गार करणे

हिवाळ्याचा खरा फायदा येथे मिळतो. नळाचे पाणी मुळातच गार असल्याने उन्हाळ्यातल्या निम्म्या वेळातही काम होते. घरातून नळी आणून जोडावी, आधी धार बारीक सोडून पाणी दुसऱ्या टोकाने बाहेर पडते याची खात्री करावी, मग वाढवावी. सुरुवातीचे बाहेर पडणारे पाणी चांगलेच गरम असते, ते बादल्यांत धरून भांडी धुण्यासाठी ठेवावे. प्राणवायू सोडणारी धुण्याची पावडर गार पाण्यात नीट काम करत नाही, तिला ५० ते ६० अंशांचे पाणी लागते, आणि ते येथे आयते मिळते. नंतरचे पाणी जमिनीवर सोडू नये, थेट मोरीकडे न्यावे. पाच मिनिटांत त्याचा काचेसारखा थर होतो, आणि तोही नेमका आपल्या पायाखाली.

बर्फात पातेले ठेवून वर्ट लवकर गार होईल, असा बऱ्याच जणांचा समज असतो. भुसभुशीत बर्फात हवा भरलेली असते आणि तो उष्णतेला अडवतो. पातेल्याभोवतीचा बर्फ वितळला की मधे पोकळी राहते आणि गार होणे जवळजवळ थांबते. कॉइल नसेल तर मोठ्या टबात पाणी आणि बर्फ एकत्र कालवून त्यात पातेले ठेवावे आणि ते पाणी ढवळत राहावे. पातेले झाकलेले असावे.

घाईत वर्ट ८-१० अंशांपर्यंत उतरवणे ही उलटी चूकही तितकीच आढळते. एलचे (उबदार तापमानाला आंबवायच्या बिअरचे) यीस्ट त्या तापमानाला सुस्त पडते. ३० अंशांनंतर धार कमी करावी, वर्ट निर्जंतुक पळीने ढवळत सतत मोजावे आणि २० अंशांवर पाणी बंद करावे. पातेले बाहेरच राहणार असेल तर २२ अंशांवरच थांबावे, कारण उरलेले दोन अंश हवाच उतरवते.

९. लगेच रिकामे करणे

वर्ट गार झाल्यावर सगळ्यांना यीस्ट टाकण्याची घाई होते. त्याआधी पाच मिनिटे द्यावीत. पातेले झाकावे, कॉइल काढून तिच्यात जोराने फुंकर मारावी, ती उलटीपालटी करून शेवटचा थेंब काढावा, पंपाचे डोके उघडून निथळावे, नळी गुंडाळण्याआधी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उचलत नेऊन रिकामी करावी, आणि हे सारे घरात न्यावे. यीस्टचे काम आटोपून परत येईपर्यंत तासभर जातो आणि तेवढ्यात नळीत बर्फ धरलेला असतो.

वर्ट नळीने किण्वनाच्या (आंबवण्याच्या) पिंपात उतरवून मगच आत न्यावे. भरलेले पातेले उचलून चालू नये. पिंप शक्यतो कड्याचे आणि प्लास्टिकचे किंवा स्टीलचे असावे, आणि दोघांनी मिळून उचलावे. काचेची मोठी बाटली हिवाळ्यात बाहेर काढूच नये. गोठलेल्या फरशीवर टेकल्याबरोबर ती तडकू शकते, आणि घसरलेल्या माणसाच्या हातातली काच किती खोल कापते ते सांगायला नको.

१०. यीस्ट आणि पहिले तीन दिवस

पिंप आत आणल्यावर तापमान पुन्हा मोजावे. आणता आणता दोन-तीन अंश उतरलेले असतात. एलसाठी १८ ते २० अंश असल्याशिवाय यीस्ट टाकू नये. वर्ट गार असेल तर पिंप झाकून खोलीत थांबू द्यावे. दोन तासांच्या उशिराने काही बिघडत नाही. यीस्ट आणि वर्ट यांच्या तापमानात पाच-सहा अंशांहून अधिक फरक असू नये. २० लिटरसाठी ११.५ ग्रॅमचे कोरड्या यीस्टचे एक पाकीट सर्वसाधारण ताकदीच्या बिअरला पुरते. गार वर्टमध्ये प्राणवायू जास्त विरघळतो, त्यामुळे पिंप काही मिनिटे जोराने हलवले तरी चांगले काम होते.

पिंप कोठे ठेवतो यावर पुढचे अवलंबून असते. खोलीत २० अंश असले तरी बाहेरच्या भिंतीलगत जमिनीवर बारा-तेरा असू शकतात. पिंप आतल्या भिंतीजवळ, पाटावर ठेवावे. तापमापकाचे टोक पिंपाच्या बाजूला चिकटवून त्यावर कापडाची घडी बांधावी, म्हणजे खोलीचे नव्हे तर बिअरचे तापमान कळते. तापवणारा पट्टा वापरायचा असेल तर तो नियंत्रकाला जोडूनच वापरावा.

चोवीस तासांत हालचाल दिसली नाही तर दुसरे पाकीट टाकण्याआधी तापमान पाहावे. ते १५ च्या खाली असेल तर पिंप उबदार जागी नेऊन हलकेच फिरवावे आणि ७२ तासांपर्यंत वाट पाहावी.

तपासणी : रात्री खोली गार झाली की पिंपातील हवा आकसते आणि हवाबंद झडपेतील (वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न येऊ देणाऱ्या) पाणी आत ओढले जाते. झडपेत साध्या पाण्याऐवजी उकळून गार केलेले पाणी किंवा व्होडका ठेवावी आणि पातळी रोज पाहावी.

११. बाटल्या भरण्याआधी

थंडीत अडकलेले किण्वन संपलेल्या किण्वनासारखेच दिसते. बुडबुडे थांबतात, बिअर निवळते, आणि घाईने बाटल्या भरल्या जातात. खोली पुढे उबदार झाली की उरलेली साखर बाटलीत आंबते आणि बाटली फुटते. म्हणून बुडबुड्यांवरून निर्णय घेऊ नये. शेवटी पिंप दोन-तीन अंशांनी गरम जागी न्यावे आणि घनता सलग तीन दिवस तीच आली तरच भरावे.

बाटल्या भरताना फेसासाठी घालायच्या साखरेच्या हिशेबातही थंडीची एक खोच आहे. बिअरमध्ये आधीच किती कार्बन डायऑक्साइड मुरलेला आहे ते तापमानावर ठरते, आणि गार बिअरसाठी तक्ते तो जास्त दाखवतात. पण बिअर २० अंशांवर आंबून नंतर गार केली असेल तर तिच्यात २० अंशांइतकाच वायू असतो, कारण निघून गेलेला वायू परत येत नाही. तेव्हा तक्त्यात आजचे तापमान न घेता किण्वन संपतानाचे सर्वांत जास्त तापमान घ्यावे. २० लिटर बिअरला मध्यम फेस हवा असेल तर साधारण १२० ग्रॅम साखर पुरते. गार तापमान धरून हिशेब केला तर साखर बरीच कमी पडते आणि बिअर मिळमिळीत होते.

भरलेल्या बाटल्या दोन आठवडे १८ ते २२ अंशांवर ठेवाव्यात. पाच टक्क्यांच्या आसपास मद्यार्क असलेली बिअर उणे दोन-तीन अंशांना गोठू लागते, म्हणून त्या बाहेर किंवा न तापवलेल्या खोलीत ठेवू नयेत. दोन आठवड्यांनी एक बाटली गार करून उघडावी. फेस पुरेसा असेल तर बाकीच्या थंड जागी हलवाव्यात. नसेल तर सगळ्या हलकेच उलटसुलट करून, तळाचे यीस्ट वर आणून आणखी एक आठवडा त्याच उबेत ठेवाव्यात आणि मग दुसरी बाटली उघडून पाहावी.